क्लॅरोनेट वाजवायचो, आता ४४ व्या वर्षी सॅक्सोफोन जमेल का?

करवीरकर_४४
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मामाच्या बँड पार्टीत दहावीपासून क्लॅरोनेट वाजवायचो, लग्नसराईत एका दिवसात तीन तीन वराती केल्यात, नोटेशन बिटेशन काही नाही सगळं कानानं. मग नोकरी लागली आणि क्लॅरोनेट माळ्यावर गेलं ते गेलंच. गेल्या महिन्यात एका लग्नात ऑर्केस्ट्रातल्या पोराचा आल्टो सॅक्स पाच मिनिटं हातात घेतला, म्हटलं क्लॅरोनेट येतंय म्हणजे हे येणारच की. खालचे सूर पटापट निघाले, बोटं आपोआप पडली, पण आवाज चिरका आणि कीबोर्डपेक्षा चढा, आणि वरच्या पट्टीत गेलो तर सगळं कोलमडलं, भलतेच सूर. पोरगं हसायला लागलं. आता डोक्यातनं जाईना झालंय. या वयात जमतं का, आल्टो घेऊ का त्याहून मोठा, खालच्या आवाजाचा टेनर, आणि ते वरचं नेमकं काय होतं कुणी सांगेल का?

काळी_पाच
दादा तुमचं काही चुकलं नाही, वाद्याचा स्वभावच तसा आहे. क्लॅरिनेटची नळी आतून सरळ असते, म्हणून सा धरून मागची अंगठ्याची चावी दाबली की थेट वरचा पंचम येतो. सॅक्सची नळी शंकूसारखी रुंद होत जाते, तिथे तीच चावी दाबली की तार सा. म्हणजे क्लॅरिनेटला दोन सप्तकांची बोटं वेगवेगळी पाठ करावी लागतात, सॅक्सला एकदाच. खरं तर सोपं आहे, तुमच्या हाताला विश्वास बसत नाहीये इतकंच.
आणि खालचे सूर पटकन का निघाले तर तुमचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं म्हणजे हार्मोनियमच्या काळी पाचचं असणार, आल्टो ई-फ्लॅटचा म्हणजे काळी दोनचा, या दोघांचं गणित असं बसतं की खालच्या पट्टीत डाव्या हाताच्या पहिल्या बोटापासून खाली जवळपास तीच बोटं तोच सूर देतात. नोटेशन वाचणारा इथेच गडबडतो कारण कागदावर त्या सुरांची नावं बदलतात. तुम्ही कानाने वाजवता ना, मग तुमचं भलंच झालं, डोळे झाकून आल्टो घ्या.
चिरका आवाज मात्र तोंडाचा दोष. क्लॅरिनेटला खालचा ओठ ताणून, हनुवटी सपाट ठेवून घट्ट धरायची सवय लागते, तसं इथे केलंत की सूर चढतोच. नुसता माऊथपीस फुंकून बघा, आल्टोचा पांढरी सहाच्या आसपास यायला हवा, त्याच्या वर गेला तर तुम्ही चावताय. मला हे सुटायला चार महिने लागले आणि अजूनही दमलो की दात आवळतातच.

म्हापशेकर
वरचं सगळं बरोबर पण टेनर एवढा सहज सोडू नका. टेनर पण बी-फ्लॅटचाच, क्लॅरिनेटचे जुने कागद असतील तर तसेच चालतात. जड आहे हे खरं, आल्टो अडीच किलोच्या आसपास, टेनर तीनच्या वर, मान धरते. आणि वयाचं काय घेऊन बसलात, जुन्या डान्स बँडात सॅक्सवाल्याच्या पायाशी क्लॅरिनेट स्टँडवर उभं असायचंच, एकाच माणसाने दोन्ही वाजवायची ही रीत होती.
एक मात्र हरवेल. क्लॅरिनेटच्या उघड्या भोकावरून बोट हळूच सरकवून जी मींड निघते ती सॅक्सवर बोटाने निघत नाही, सगळी भोकं पॅडने झाकलेली. तिथे जबडा आणि घसा लागतो. होत नाही असं नाही, कद्री गोपालनाथांचं ऐका. वडील नागस्वरम, म्हणजे दक्षिणेतली मोठी सनई, वाजवायचे, यांनी म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात सॅक्स ऐकला आणि अख्खं कर्नाटक संगीत त्यावर आणलं, गमकांसकट. रोज पंधरा मिनिटं लांब सूर धरा, वराती नंतर.

ठाणेकर_तिसरा_मजला
मी चाळिशीतच सुरू केलं. सुरांपेक्षा शेजाऱ्यांचं बघा आधी. आवाज दाबायला सॅक्सच्या पुढच्या तोंडात मोजा कोंबायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आवाज सगळ्या भोकांतून निघतो, फक्त अगदी खालचा सूर तेवढा बिघडतो. मी गाडीत बसून काचा लावून वाजवतो, मे महिन्यात भट्टी होते पण इलाज नाही.
सेकंडहँड घेणार असाल तर अंधारात आत बारीक लाईट सोडून सगळ्या चाव्या दाबून बघा, पॅडच्या कडेने उजेड दिसला की तिथून हवा जाते. मी न बघता घेतला, दिसायला सोन्यासारखा, नंतर जवळजवळ सगळे पॅड बदलावे लागले. आणि पावसाळ्यात जी-शार्पचं पॅड चिकटतं, पातळ कागद मधे धरून ओढायचा, सुटतं.

करवीरकर_४४
काळी पाच, काल माळ्यावरनं क्लॅरोनेट काढून तुमचं गणित करून बघितलं, सा धरला, अंगठा दाबला, पंचम. वीस वर्षं वाजवून हे कधी डोक्यात आलं नव्हतं राव. आल्टोच बघतो, मान आधीच कॉम्प्युटरनं गेलीय. क्लॅरोनेटच्या पेटीत तीन नंबरच्या दहा रीड, तोंडाशी लावायच्या वेताच्या पट्ट्या, कोऱ्या पडल्यात, त्या सॅक्सला चालतील का?

काळी_पाच
नाही चालणार, आल्टोची रीड रुंद असते. दोन किंवा अडीच नंबरची घ्या, नंबर वाढला की रीड कडक, तीनवर गेलात की परत चावायला लागाल. त्या दहा क्लॅरिनेटलाच ठेवा, काढलंयच तर वाजवा की तेही.