नडगीच्या दुखापतीनंतर ट्रेडमिलवर पुन्हा धावणे: वेग, चढ आणि वेदनेची मर्यादा

मंदगती (प्रश्न)

उजव्या नडगीच्या आतल्या कडेला झालेल्या ताणजन्य दुखापतीमुळे माझे धावणे काही महिने पूर्ण बंद होते. एमआरआयमध्ये हाडाला तडा दिसला नाही, मात्र हाडाच्या आत सूज होती, आणि या अवस्थेकडे दुर्लक्ष केले असते तर तिचे पुढे स्ट्रेस फ्रॅक्चर झाले असते, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले. या काळात मी जिममध्ये नियमितपणे सायकल चालवत होतो. आता वेगाने चालताना किंवा हाड बोटाने दाबल्यावर अजिबात दुखत नाही, आणि हळूहळू धावायला हरकत नाही अशी परवानगीही मिळाली आहे. परंतु हळूहळू म्हणजे नेमके किती, हे त्या घाईच्या भेटीत विचारायचे राहून गेले. पुढची भेट अद्याप दूर आहे.

बाहेरच्या कठीण रस्त्यापेक्षा ट्रेडमिलचा पट्टा मऊ असतो, म्हणून सुरुवात तेथेच करण्याचा विचार आहे. ट्रेडमिलला एक टक्का चढ द्यावा असे जिममधील अनेकजण सांगतात. ते माझ्या बाबतीत योग्य आहे का? तसेच धावताना थोडेसे दुखले तर थांबावे, की दहापैकी चार-पाच इतक्या वेदनेपर्यंत चालू ठेवावे? दोन्ही प्रकारचे सल्ले वाचनात आल्यामुळे गोंधळ झाला आहे.

उपचारक

मी भौतिकोपचार करतो. तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेले नसल्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा.

वेदनेचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी सर्व गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतची वेदना चालते, हा सल्ला मुख्यतः टाचेमागच्या अकिलिस कंडरेच्या जुनाट दुखण्याच्या संदर्भातला आहे. त्या दुखण्यात वेदना पाचच्या आत राहिली आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरली, तर उपचाराच्या व्यायामाबरोबर धावणेही चालू ठेवता येते, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. हाडाच्या दुखापतीला हा नियम लावू नये. हाडाची डागडुजी होताना शरीर आधी जीर्ण भाग काढून टाकते आणि नंतर तेथे नवे हाड भरते. त्यामुळे मधल्या काही आठवड्यांत ती जागा तात्पुरती अधिक कमकुवत असते, आणि हे संपूर्ण चक्र पुरे व्हायला साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणून जुन्या जागी, हाडावर, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखू लागले तर ती वेदना दोन असो वा पाच, त्या दिवसाचे धावणे तेथेच थांबवावे. पोटरी भरून येणे किंवा मांड्या दुखणे हा वेगळा विषय आहे; त्याची चिंता नको. रात्री झोपेत किंवा नुसते बसले असताना नडगी ठणकू लागली, तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या दिवशीही काही त्रास होत नसेल, तर एक मिनिट सावकाश धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे एकंदर वीसेक मिनिटे करावे आणि दुसरा दिवस धावण्याला पूर्ण सुटी द्यावी. दोन-तीन वेळा हे निर्वेध पार पडले की धावण्याचा हिस्सा थोडा वाढवावा. सलग अर्धा तास सावकाश धावता येईपर्यंत वेगाला हात लावू नये, आणि चढाचा विचार त्याच्याही नंतर करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर दुखल्यास कारण शोधणे सोपे जाते.

पट्ट्यावरचा_प्रवासी

एक टक्का चढाच्या सल्ल्यामागे 1996 मधील एक अभ्यास आहे. बाहेर धावताना हवेला कापत जावे लागते, ट्रेडमिलवर तसे होत नाही. खर्च होणाऱ्या ऊर्जेतील हा फरक एक टक्का चढाने भरून निघतो, असे त्यात दिसले. परंतु तो अभ्यास ताशी सुमारे साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगांवर झाला होता. ताशी सात-आठ किलोमीटर वेगाने धावणाऱ्याला हवेचा अडथळा इतका नगण्य असतो की ही भरपाई करण्याची गरजच उरत नाही. चढ वाढवला की पोटरीवर भार वाढतो, आणि ते तुम्हाला आत्ता नको आहे. पट्टा सपाट ठेवावा.

पट्टा मऊ असतो, याबद्दलही सरसकट विधान करता येत नाही. यंत्रायंत्रांमध्ये पुष्कळ फरक असतो, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत तर ट्रेडमिलवर धावताना अकिलिस कंडरेवर येणारा भार बाहेरच्या धावण्यापेक्षा जास्त आढळला होता. म्हणजे नडगी सांभाळताना टाच दुखावण्याची शक्यता आहेच. ट्रेडमिलचा खरा फायदा माझ्या मते वेगळा आहे: वेग ठरवलेला राहतो, आणि दुखल्यास चारच पावलांत थांबता येते, घर गाठायचे उरलेले नसते. तोटाही तेथेच आहे. मोकळ्या रस्त्यावर पाय थकला की गती आपोआप मंदावते. पट्टा मात्र तुमच्यासाठी मंदावत नाही, त्यामुळे पावले बिघडूनही माणूस आकड्याशी जुळवत राहतो. चाल बदललेली जाणवताच बटण दाबून चालण्यावर यावे. बाजूच्या दांड्या धरून धावू नये, कारण त्यामुळे शरीराचे काही वजन हातांवर जाते आणि पायाने नेमका किती भार पेलला याचा अंदाजच राहत नाही. यंत्राची सुरक्षा-दोरी कपड्याला अडकवावी. बहुतेकजण ती लोंबकळतच ठेवतात, हे पाहून मला नेहमी आश्चर्य वाटते.

शक्य असल्यास त्याच वेगाला पावले किंचित आखूड आणि जलद टाकून पाहावीत. दर मिनिटाची पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवल्यास गुडघा आणि खुब्यावरील भार कमी होतो, असे 2011 मधील एका अभ्यासात दिसले आहे. नडगीसाठी पुरावा तितका ठाम नाही, तरी लांब ढांगा टाकत पाय पुढे आपटण्यापेक्षा हे निश्चितच बरे.

मंदगती

दोघांचेही आभार. सायकलमुळे दम बऱ्यापैकी टिकला आहे, त्यामुळे एक मिनिट धावून चालणे मला फारच सोपे वाटेल अशी भीती आहे. दर आठवड्याला दहा टक्के वाढ करण्याचा प्रचलित नियम पाळला तर चालेल का?

उपचारक

सोपे वाटणे हीच येथील मुख्य अडचण आहे, कारण हृदय आणि फुप्फुसे हाडापेक्षा फार लवकर तयार होतात आणि सायकलने तर ती तयारच ठेवली आहेत. सायकल चालवताना जमिनीचा आघात जवळजवळ नसतो, तर धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून पायावर येतो. तो आघात तुमच्या नडगीने काही महिने अनुभवलेलाच नाही. त्यामुळे दम लागतो की नाही, यावरून पुढचा टप्पा ठरवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी हाड दाबून पाहावे आणि त्यावरून ठरवावे. दमाची हौस भागवायची असेल तर सुटीच्या दिवशी सायकल जोरात चालवावी.

दहा टक्क्यांचा नियम वाईट नाही, पण त्याला वाटते तितका आधारही नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत नवख्या धावपटूंच्या एका गटाने त्या नियमावर बेतलेला तेरा आठवड्यांचा कार्यक्रम पाळला आणि दुसऱ्या गटाने आठ आठवड्यांचा नेहमीचा. दोन्ही गटांत दुखापतीचे प्रमाण जवळपास सारखेच, सुमारे वीस टक्के निघाले. शिवाय आठवड्याला दहाच मिनिटे धावणाऱ्यासाठी दहा टक्के म्हणजे एक मिनिट, त्यामुळे सुरुवातीला हा हिशेब निरर्थक ठरतो.

दीर्घश्वास

वर पोटरीच्या ताकदीचा उल्लेख आलेला नाही, म्हणून लिहिते. जिममध्ये आहातच, तर एका पायावर उभे राहून टाच उचलण्याचा व्यायाम दोन्ही पायांनी मोजून पाहावा. दुखऱ्या पायाचा आकडा दुसऱ्यापेक्षा बराच कमी येत असेल, तर तो फरक भरून काढणे हाही धावण्याचाच सराव समजावा. पोटरी थकली की तिने सोसायचा ताण नडगीच्या हाडाला सोसावा लागतो. आणि अशी दुखापत यापूर्वीही झाली असेल, तर ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी आणि पुरेसे जेवण होते का याकडे लक्ष द्यावे. स्त्रियांनी पाळी अनियमित झाली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण धावण्याच्या मानाने आहार कमी पडला की हाडेही दुबळी होतात.

मंदगती

पोटरीचा फरक आजच मोजून पाहिला. उजवा पाय डाव्याच्या निम्म्यावरच थांबतो. तेव्हा आधी काही आठवडे हा व्यायाम आणि झपझप चालणे एवढेच करतो, आणि एक-दोन मिनिटांचा हिशेब त्यानंतर सुरू करतो.