विषय: दुकानातल्या बंदुकीवर ‘श्री … दत्त’?

प्रेषक: मंदार (लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया)

मंडळी, नमस्कार.

शिवजयंतीच्या प्रदर्शनात ठेवण्याजोगं काही मिळतंय का बघायला रविवारी ॲडम्सटाउनला गेलो होतो. नव्याने आलेल्यांसाठी: रूट २७२ वर जुन्या वस्तूंची दुकानं एकाला एक लागून आहेत आणि रविवारी बाजार भरतो. बंदुका तिथे बऱ्याच असतात, पण भाव ऐकून घशाला कोरड पडते. म्हणून परत येताना आडवाटेच्या एका गावात, जुन्या हार्डवेअर स्टोअरच्या जागी निघालेल्या दुकानात शिरलो. घोड्यांचे साज, लोणच्याच्या बरण्या, आणि कोपऱ्यात छत्र्यांच्या स्टँडमध्ये उभ्या केलेल्या दोन बंदुका. चिठ्ठीवर ‘तुर्की किंवा अरबी’.

लांब आहे ती चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी), ठासणीची (तोंडातून दारू-गोळी भरायची). दारू ठासायचा गज जागेवर आहे. नळीच्या मागच्या बाजूला मळाखाली चक्क देवनागरी अक्षरं! आधी ‘श्री’, मग पुसट काहीतरी, मग ‘दत्त’. दुसरी आखूड आहे, चापाच्या मागे हाताने खाली ओढायचा दांडा. तिच्यावर ‘१९४९’, आपल्याच आकड्यांत. दुकानदाराला वाचून दाखवलं तर त्याचा चेहरा पडला.

लांब बंदूक एखाद्या दत्तभक्त मराठा सरदाराची असेल का? मंडळाच्या निधीतून घ्यावी का? किंमत तीन आकडी आहे, पण तीन आकड्यांतली वरची.

– मंदार

—

प्रेषक: विद्या (एडिसन)

मंदार, निधीचं नंतर बघू. दुकानदाराचा चेहरा का पडला ते आधी सांगते. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरतात, ती विकायला परवानाधारक विक्रेता लागत नाही. ठासणीची बंदूक जुन्या धर्तीवर आज बनवलेली असली तरी बहुतेक त्याच सदरात बसते. पण तुझ्या आखूड बंदुकीत काडतूस जातं आणि वर १९४९ लिहिलंय. म्हणजे ती साधी ‘बंदूक’ झाली, आणि त्याने ती छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवली होती!

शिवाय हा केंद्राचा कायदा. प्रत्येक राज्याचा आपला निराळा. आमच्या न्यू जर्सीत मुलांची छऱ्याची बंदूकसुद्धा ‘फायरआर्म’ धरतात. डिकीत टाकून डेलावेअर नदी ओलांडून आमच्या राज्यात येऊ नकोस. आणि प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये आहे. गेल्या वर्षी प्लायवूडच्या दांडपट्ट्यावरून केवढं रामायण झालं ते आठव.

– विद्या

—

प्रेषक: श्रीनिवासकाका (यॉर्क)

चि. मंदार, विद्या,

> एखाद्या दत्तभक्त मराठा सरदाराची असेल का

नाही रे बाबा. पण जे सापडलंय ते मजेदार आहे, म्हणून सविस्तर लिहितो. घाईत असाल तर वगळा.

२००३ मध्ये काठमांडूतल्या लगन सिलेखाना नावाच्या जुन्या राजवाड्यातून नेपाळी लष्कराचा पिढ्यान्‌पिढ्या साठलेला शस्त्रसाठा अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतला. हजारो बंदुका, शंभर-दीडशे वर्षांचं ग्रीस आणि धूळ अंगावर घेऊन, जहाजांनी इकडे आल्या. हौशी लोकांनी त्या पोस्टाने मागवल्या. आता त्यातले काही म्हातारे झाले, काही गेले, आणि मुलांनी घर आवरताना बंदुका गावातल्या दुकानात दिल्या. चिठ्ठी लिहिणाऱ्याला लिपी ओळखू येत नाही, म्हणून ‘तुर्की’. ‘अफगाण’ लिहिलेल्याही मी पाहिल्यात.

नेपाळी पलटणींच्या नावाआधी ‘श्री’ लावतात, आणि देवीदत्त ही त्यांची जुनी पलटण आहे. ‘श्री’ आणि ‘दत्त’ यांच्या मधलं पुसट अक्षर ‘देवी’ निघतंय का बघ. खाली आकडा असेल तर तो हत्याराचा अनुक्रमांक असणार. लांब बंदूक बहुधा ‘ब्राउन बेस’च्या, म्हणजे ब्रिटिश पायदळाच्या चकमकीच्या बंदुकीच्या, इंडिया पॅटर्नची: नळी ३९ इंच, तोंड पाऊण इंच. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या फौजेसाठी हाच नमुना चालवला. १७९७ पासून ब्रिटिश सैन्यानेही उचलला, आणि तिथले मुख्य कारभारी भीमसेन थापा यांच्या काळात नेपाळने त्याच्या नकला घरी बनवल्या. चाप-घोड्याच्या लोखंडी पाटीवर कंपनीचा मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह असेल तर अस्सल कंपनीचा माल म्हणायला जागा आहे. तो १८०८ नंतरचा. त्याआधी हृदयाच्या आकाराचं व्यापारी चिन्ह असायचं. मात्र सिंहाच्या खोट्या पाट्या लावलेल्या बंदुका अफगाणिस्तानच्या बाजारांतून अमेरिकन सैनिकांनी भरभरून आणल्यात. त्यांत सिंहाचं मांजर झालेलं असतं.

आता १९४९. विद्या, तुझा कायदा बरोबर आहे, पण हा विक्रम संवत. ५७ वजा कर, १८९२ येतं. दांड्याची म्हणजे मार्टिनी जातीची (दांडा ओढून एकेक काडतूस भरायची ब्रिटिश रायफल), आणि नेपाळात जनरल गेहेंद्र शमशेरांनी तिचाच एक देशी अवतार काढला होता. सन १८९८ च्या अलीकडे नाही, पलीकडे आहे. दुकानदाराला सांग, पण तुझ्या शब्दावर विसंबायला लावू नकोस. ही लिपी वाचता येणाऱ्या तज्ज्ञाचा कागद त्याने घ्यावा.

मराठ्यांचं म्हणशील, तर शिवकाळात पायदळाच्या हाती तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीची बंदूक. चकमकीच्या पुढे आल्या. महादजी शिंद्यांच्या कंपूंसाठी, म्हणजे कवायती पलटणींसाठी, आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस बंदुका आणि तोफा बनवत होता. तसली एखादी पेनसिल्व्हेनियात निघाली तर मी स्वतः कर्ज काढेन. देवनागरी खूण तेवढ्यावर मराठी ठरत नाही. बिकानेरच्या शस्त्रागारात टिंबाटिंबांनी अक्षरं उठवत, ती तर दिसायलाही सुंदर.

पुन्हा गेलास तर आधी परवानगी माग, आणि घोडा चढवून ‘खट्’ करू नकोस. आतली जुनी कमान (स्प्रिंग) तुटते आणि दुकानदार कायमचा नाराज होतो. मग गज नळीत पार तळापर्यंत घाल, तोंडाशी बोटाने खूण धर, बाहेर काढून तीच खूण नळीच्या तोंडाशी लावून नळीवर आडवा ठेव. गजाचं टोक बत्तीच्या भोकापाशी, म्हणजे ठिणगी आत जाते त्या नळीच्या मागच्या भोकापाशी, पोहोचायला हवं. चार बोटं कमी पडला तर आत काहीतरी आहे. ठासलेल्या बंदुका शतकभर तशाच राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि कोरडी दारू म्हातारी होत नाही: सोरा, कोळसा, गंधक, ७५-१५-१०, तिला कालमर्यादा ठाऊक नाही. तसं दिसलं तर खाली ठेव, दुकानदाराला सांग, स्वतः काढायला जाऊ नकोस.

बत्तीचं भोकच नसेल तर हस. आजकाल भारतात बनवलेल्या नव्या नकला इकडे नाटकी लढायांसाठी येतात, त्यांना भोक पाडलेलं नसतं. नळीवर ‘ब्लॅक पावडर ओन्ली’ आणि बारीक चौकटीत दोन अक्षरं असतील तर इटलीची नक्कल. वाईट नसतात, पण जुन्याच्या भावाने घ्यायच्या नाहीत.

आणि खरं सांगू? तुझ्या घराजवळच लँकेस्टरमध्ये अठराव्या शतकात जर्मन लोहारांनी ज्या लांब रायफली बनवल्या, त्यांच्यासमोर सरकारी ‘ब्राउन बेस’ म्हणजे हमाल. मेपलच्या लाकडावर वाघासारखे पट्टे, दस्त्यात पितळी झाकणाची छोटी पेटी, आणि नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. जेकब डिकर्टचं नाव ऐकलंस तर थांब आणि बघ. पण इथेच लबाडीही जास्त: मध्ये कधीतरी टोपीची (ठिणगीऐवजी स्फोटक टोपीने पेटणारी) केलेली बंदूक भाव वाढवायला परत चकमकीची करतात. पाटीवरची जुनी बुजवलेली भोकं शोध, लाकूड झिजलेलं आणि लोखंड कोरं असं जोडपं दिसलं तर पाय काढता घे.

काकूने जेवायला दोनदा हाक मारली. थांबतो.

– श्रीनिवास

—

प्रेषक: मंदार

काका,

आज परत गेलो. टॉर्च तिरपा धरल्यावर ‘देवि’ दिसलं, ऱ्हस्व वि! गज शेवटपर्यंत गेला, म्हणजे रिकामी आहे. भोक आहे. पाटीवर सिंहही नाही, मांजरही नाही, कोरी आहे.

दुकानदाराने ‘तुर्की’ची चिठ्ठी काढून टाकली आणि ‘नेपाळ’ लिहिलं. त्याबरोबर किंमतही वाढवली. मार्टिनी आतल्या खोलीत नेऊन ठेवलीय, कागद मिळेपर्यंत विकणार नाही म्हणाला.

लांब मी माझ्यासाठी घेतोय, मंडळासाठी नाही. मळ काढू की राहू देऊ?

—

प्रेषक: श्रीनिवासकाका

किंमत वाढवली ना? पुढच्या वेळी आधी पैसे दे, मग ज्ञान दे.

सुकलेलं ग्रीस काढ, लाकडी पट्टी आणि साधं तेल. पॉलिश, लोखंडी घासणी, लिंबू-मीठ यांतलं काहीही नाही. काळपट थर गेला की अर्धी किंमत गेली. बार उडवायचा विचार डोक्यात आला तर मला फोन कर, मी रागावतो. आणि भारतात न्यायचा विषयच नको. तिथे आपल्या कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो.

—

प्रेषक: चिटणीस

सर्वांना विनंती: शिवजयंतीला बंदूक येणार नाही. फोटो येईल. मंदारने नळीवरच्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो बुधवारपर्यंत पाठवावा. खालचा मजकूर काकांनी लिहावा, शंभर शब्दांत. काका, शंभर.

पुढच्या रविवारी ॲडम्सटाउनला कोण कोण जाणार ते वेगळ्या मेलवर ठरवा. माझी एक जागा धरा.