दहावीचा निकाल वाढला, पण नववीतली सतरा मुलं कुठे गेली? हिशोब मांडायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या सातपूरला राहते, एका कंपनीत क्वालिटीला आहे. मुलगा जवळच्या सरकारी माध्यमिक शाळेत आठवीत, मराठी माध्यम. शाळेचं नाव लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका. यंदा शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून माझं नाव घातलं गेलं, ते "तुम्हाला एक्सेल येतं ना" एवढ्या एका गुणावर.

शनिवारी बैठक आहे. दहावीच्या निकालाबद्दल अभिनंदनाचा ठराव आहे. फाटकावर फ्लेक्स लागलाय, ९३.१८ टक्के. दोन वर्षांपूर्वी ८९.६६ होते, म्हणजे वाढ दिसते.

पण माझ्या शेजारणीची मुलगी याच बॅचची. नववीत ऑक्टोबर छाटणीला आईबरोबर गिरणारेच्या बाजूला द्राक्षबागेत जायला लागली. सकाळी सहाला पिकअप येतो, संध्याकाळी अंधार पडल्यावर सोडतो. ती शाळेत परत गेलीच नाही. मग ९३ टक्क्यांत ती नेमकी कुठे बसते, या विचाराने झोप लागेना. क्लार्कदादांकडून आकडे घेतले. या बॅचची नववीत जूनला नावं होती ६१. दहावीला बसली ४४, पास ४१. दोन वर्षांपूर्वीच्या बॅचची नववीत ६०, बसली ५८, पास ५२.

मुख्याध्यापक सर माणूस चांगला आहे, हे आधी सांगते. ते म्हणतात, "ताई, आता मुलंच तशी येतात." खरंही आहे. कारखान्यांमुळे यूपी-बिहारची कुटुंबं आहेत, खानदेशातली आहेत, सुरगाणा-पेठची आहेत. त्यांनी मला दिलेल्या तक्त्यात मात्र फक्त मुलगे-मुली आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास (इमाव), खुला एवढेच रकाने आहेत. त्यावरून मला काहीच उलगडत नाही.

तर, "मुलं बदलली म्हणून" हे कारण तपासायचं कसं? आणि शिक्षकांना आपल्यावर बोट ठेवलं असं न वाटता हे बैठकीत मांडायचं कसं?

— सातपूरकर

लेखाजोखा:
आधी भागाकार बदला. बोर्डाचा निकाल म्हणजे बसलेल्यांपैकी पास. तुम्हाला हवेत नववीला आलेल्यांपैकी पास. तसं केलं तर जुनी बॅच ६० पैकी ५२ म्हणजे ८६.६७, आणि यंदाची ६१ पैकी ४१ म्हणजे ६७.२१. फ्लेक्सवर साडेतीन टक्के चढ, इथे साडेएकोणीस टक्के उतार. मात्र ४४ मध्ये दहावीला नव्याने आलेली किंवा रिपीटर मुलं असतील तर आधी वेगळी काढा, नाहीतर ६७ हा आकडाही खोटाच.

दुसरं, ४४ च्या वर्गात एक मूल म्हणजे २.२७ टक्के. ८९ चे ९३ झाले तर ते दीड पोराचं काम आहे. त्यावर ना अभिनंदन, ना खेद. सतरा मुलं गळणं मात्र योगायोग नसावा. आणि जातनिहाय टक्केवारी बैठकीत अजिबात दाखवू नका. एका रकान्यात तीन मुलं असतील तर कोण नापास ते गल्लीला कळतं.

निवृत्त मास्तर:
ताई, ३१ वर्षं नोकरी झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

निकालाच्या टक्क्यावर फार जाऊ नका. २०१९ ला भाषांचे तोंडीचे २० गुण काढले आणि राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० वर आला. २०२० ला ते परत आले, निकाल ९५.३०. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५! पोरं एका वर्षात हुशार झाली नाहीत, मोजपट्टी बदलली. अजूनही अंतर्गत २० पैकी १८ हातात असले की लेखी ८० पैकी १७ मध्ये माणूस ३५ गाठतो. गुणपत्रिकेवर बेरीजच दिसते. पण अंतर्गत गुण शाळेनेच पाठवलेले असतात, ते वजा करून गणिताचं लेखी काय उरतं ते बघा. पोटात गोळा येईल, तयारी ठेवा.

आता गळती. आठवीपर्यंत खिचडी, आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, शिक्षण हक्क कायदाही आठवीपर्यंतच. नववीच्या जूनला हे सगळं एकदम थांबतं, आणि त्याच वर्षी पोर रोजाला जाण्याजोगं होतं. त्यामुळे "मुलंच तशी" म्हणण्याआधी नववीचा हजेरीपट उघडा. लाल शाईचे "ग" कुठल्या महिन्यात दाटतात ते बघा. ऑक्टोबर आणि जानेवारीनंतर दाटत असतील तर द्राक्ष. दिवाळीनंतर जोडून दोन-तीन आठवडे असतील तर गावाकडे गेलेली मंडळी. सोमवारीच दिसत असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा घरी जाऊन या. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणून ही पोरं आधी हजेरीत हरतात, परीक्षा पुढची गोष्ट.

आणि शिक्षकांना दोष लावू नका. मतदार यादी, सर्वेक्षण, निवडणूक यांतून ते वर्गात किती असतात हेही त्याच रजिस्टरात मोजा. हा एक रकाना मांडलात की ते तुमच्या बाजूला येतील.

अहिराणी बोला:
मास्तरांना अनुमोदन. एक भर, घरी कोणती भाषा बोलतात तो रकाना घ्या. यूडायसला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदीत, मातृभाषा भरलेली असते, क्लार्ककडे मिळेल. मी स्वतः सिडकोत शिकलो. पाचवीत निबंधात "माझा भाऊ"ऐवजी अहिराणीतलं "मना भाऊ" लिहिलं म्हणून वही भिरकावली गेली होती. मला निदान मराठी कळायचं. भोजपुरी घरातल्या पोराला विज्ञानातलं "उत्सर्जन" कोण समजावणार?

लेखाजोखा:
यूडायस प्लसवरून आठवलं. प्रत्येक मुलाचा पेन, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक असतो. दुसऱ्या शाळेने घेतलं की नाव तिकडे जातं, कुणीच घेतलं नाही तर ड्रॉपबॉक्स नावाच्या यादीत पडून राहतं. सतरा नावं तिथे तपासून घ्या. नुसती "गळती" म्हणू नका, कोण कुठे गेलं ते लिहा.

सातपूरकर:
सगळ्यांचे आभार. आज हाफ डे टाकून शाळेत बसले. ४४ मध्ये नवीन कुणी नाही, रिपीटरही नाही. सतरापैकी पाच जणांनी दाखला नेलाय आणि पाचही दुसऱ्या शाळेत दिसतात. तीन नववीतच आहेत. उरलेले नऊ ड्रॉपबॉक्समध्ये, शेरा "सतत गैरहजर". नवांपैकी सात मुली. हा आकडा मी दोनदा मोजला.

हजेरीपटात मास्तरकाका म्हणाले तसंच निघालं, पण चौघींचं ऑक्टोबरला नाही, जूनपासूनच. वर्गशिक्षिका म्हणाल्या, यांच्या धाकट्या भावंडांची बालवाडी साडेबाराला सुटते, मग त्यांना सांभाळायला या घरी. हा रकाना तर कुणाच्याच तक्त्यात नाही. मीच वहीत पेनने आखला.

सरांना नऊ नावं दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ठराव राहू द्या, आधी ही यादी घ्या.

निवृत्त मास्तर:
शाब्बास. नवांना १७ नंबर फॉर्मने, म्हणजे शाळेत न जाता, दहावीला बाहेरून बसता येतं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो आधी काढून ठेवायला सांगा. आणि आत्ता आठवीत असलेल्यांना एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल यादीत आलं, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० मिळतात. नववीची पुस्तकं त्यात येतात.

सातपूरकर:
शेजारणीला आत्ताच जाऊन सांगितलं. मुलगी दारातच उभी होती, हात द्राक्षाच्या औषधाने पिवळट झालेले. आई म्हणाली, बसेल ती, पण फॉर्मची फी किती? गेल्या वर्षी कुणी १७ नंबर भरला असेल तर लेट फी धरून नेमका आकडा सांगा. तिला उद्या सकाळी सहाच्या आत सांगायचंय.