सहा मैत्रिणी, एक गाडी? टांझानिया आणि झांझिबारबद्दल सल्ला हवा

मीठभाकर

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जणी, कॉलेजपासूनच्या. "आता नाही तर कधी" हे इतक्यांदा म्हणून झालंय की शेवटी मीच तिकिटांचं बघायला घेतलं. फेब्रुवारी २०२७, टांझानिया.

एजंटने दिलेला आराखडा: अरुशाहून तारांगिरे, मन्यारा, गोरोंगोरो, सेरेंगेटीत सेरोनेरा, मग रस्त्याने परत अरुशा आणि विमानाने झांझिबार. जंगलाला पाच दिवस. झांझिबारला तीन रात्री, पहिली स्टोन टाउनमध्ये, उरलेल्या दोन पाजेच्या किनाऱ्यावर.

जंगलाची भीती नाही, आमची आहे. एक फोटोवाली, हातभर लेन्स घेऊन येणार आणि एका पक्ष्यासाठी अर्धा तास गाडी अडवणार. दुसरीचं "दिसला ना सिंह, चला पुढे". तिसरीची पाठ धरते. चौथी म्हणते, मला समुद्रावर सोडा, जनावरं तुम्ही बघा. पाचवी शाकाहारी, त्यात भूक अजिबात न सोसणारी. सहावी मी, हिशोब ठेवणार आणि बोलणी खाणार.

तर एक गाडी पुरेल का? आराखडा बरा आहे का? आणि आधी समुद्र की आधी जंगल?

तरस

एक गाडी पुरते. लँड क्रूझरचं छत वर उचललं जातं, सहा जणींना सहा खिडक्या मिळतात. तरीही सांगतो, दोन घ्या. सफारीत माणूस दिवसाचे नऊ-दहा तास त्या पत्र्याच्या डब्यात असतो, आणि मैत्रीत कुरबुरी होतात त्या थांबायचं की निघायचं यावरून. फोटोवाली आणि "चला पुढे"वाली एका गाडीत असतील तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अबोला नक्की. एक गाडी थांबणाऱ्यांची, एक फिरणाऱ्यांची.

खर्चाचं म्हणाल तर उद्यानाचं प्रवेशशुल्क माणशी असतं, ते गाडी वाढवून वाढत नाही. वाढतं ते भाडं, चालक आणि डिझेल. शिवाय गोरोंगोरोच्या विवरात उतरायला गाडीमागे जवळजवळ ३०० डॉलर पडतात. त्या एका दिवशी सहाही जणी एकाच गाडीत बसा.

आता आराखडा. हा कुणीतरी जुलै-ऑगस्टसाठी केलेला कागद तुमच्या फेब्रुवारीवर चिकटवलाय. तारांगिरेची खरी मजा कोरड्या महिन्यांत, जून ते ऑक्टोबर. तेव्हा पाण्यासाठी हत्ती नदीवर गोळा होतात, फेब्रुवारीत पांगलेले असतात. आणि विल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे, कळप त्या दिवसांत सेरोनेरात नसतात, दक्षिणेला एन्दुतूच्या माळावर असतात, वासरं टाकायला. तिथली जमीन जुन्या ज्वालामुखींच्या राखेची. गवत आखूड पण कसदार, दुभत्या जनावराला लागणारी खनिजं त्यात भरपूर. राखेचा थर खाली दगडासारखा घट्ट झालेला, त्यामुळे झाडं मुळं धरत नाहीत आणि नजर पोचेल तिथवर मोकळं. दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्मतात.

एक प्रसंग सांगतो. मादी आमच्यापासून पन्नासेक पावलांवर व्यायली. चालकाने इंजिन बंद केलं. वासरू पडलं, पुढच्या गुडघ्यांवर उठलं, तोंडावर आपटलं, परत उठलं, आणि मी दुर्बिणीची काच पुसेस्तोवर आईच्या पोटाखाली शिरलेलं होतं. थोडं पलीकडे एक तरस बसलेलं, वासराकडे ढुंकूनही न बघता. त्याचा डोळा मादीची वार (जार) पडण्यावर होता. (हो, माझं इथलं नाव तिथलंच.)

म्हणून तारांगिरे आणि मन्यारा दोन्ही काढा. विवराजवळच्या कराटू गावी एक रात्र, दुसऱ्या दिवशी विवर, मग बाकीच्या सगळ्या रात्री एन्दुतूत. आणि आधी जंगलच. पहाटे उठणं, धूळ, हाडं खिळखिळी करणारे रस्ते, हे सगळं संपवून मग समुद्रावर लोळावं. उलटं केलंत तर तुमची चौथी मैत्रीण किनाऱ्यावरून हलणार नाही.

खिडकीवाला

तरसभाऊंचं बाकी सगळं मान्य, दोन गाड्यांचं नाही. दोन गाड्या म्हणजे रात्रीच्या जेवणाला दोन गट. एका गाडीला बिबट्या दिसतो, दुसरीला शेपूटही दिसत नाही, आणि मग ते फोटो मिटल्या तोंडाने बघायचे. आम्ही हे भोगलंय. त्यापेक्षा एकच गाडी घ्या आणि सकाळची फेरी फोटोवालीच्या मर्जीने, दुपारची बाकीच्यांच्या, असं निघायच्या आधीच ठरवा. तिला म्हणावं तिपाई घरी ठेव, गाडीत ती उभी राहत नाही. रिकामी कापडी पिशवी आण, अरुशात तांदूळ भर, छताच्या कडेवर ठेव, त्यावर लेन्स.

तरस

वायरलेसवर चालक एकमेकांना कळवतात हो, बिबट्या दोघींनाही दिसतो. पण सकाळ-दुपारची वाटणी चांगली आहे. पैसे जपायचे असतील तर तीच करा.

नीलपर्णा

मीठभाकर, आमचाही बायकांचाच गट होता, म्हणून पुरुषमंडळी विसरलीत ते सांगते. माळावर संडास नसतो. चालकाला "टायर तपासायचेत" म्हटलं की तो आजूबाजूला नीट बघून जागा ठरवतो आणि तुम्ही गाडीच्या मागे जाता. लाजून पाणी पिणं कमी करू नका, उन्हात डोकं धरतं. सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर मात्र सोय आहे.

पाठवालीला मागच्या चाकावरची सीट अजिबात नको, पुढे चालकाशेजारी किंवा मधल्या रांगेत बसवा. आणि परतीचा रस्ता टाळा. एन्दुतूच्या धावपट्टीवरून छोटं विमान पकडून झांझिबार गाठता येतं, बहुतेकदा अरुशाला बदलून. महाग आहे, पण पाठीसाठी द्या. त्या विमानांत बहुधा माणशी १५ किलोच सामान, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक बॅग घेत नाहीत.

निळे आणि काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्यावर धावून येते आणि जीनच्या कापडातूनसुद्धा चावते. दुकानातल्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगला टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा, त्या निघण्याआधी सुरू करायच्या असतात. केनियावरून टांझानियात शिरणार असाल तर पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो.

भुकेलीचं सांगते. दुपारचा डबा गाडीतच मिळतो, पण विवरातल्या न्गोइटोकिटोक तळ्यावर तो बाहेर उघडू नका. घारी वरून झेप घेऊन हातातलं सँडविच नेतात. माझं नेलं, बोटाला नखाचा ओरखडा उरला. शाकाहाराची फार काळजी नको. नारळाच्या रसातल्या घेवड्याची उसळ, चपाती, उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) कुठेही मिळतं, फक्त लॉजला आधी कळवा.

झांझिबारमध्ये पाजे बदला. पूर्व किनाऱ्याला ओहोटी लागली की समुद्र पार लांब जातो. तिथे बायका समुद्री शेवाळाची शेती करतात, ती बघायला छान आहे, पण पोहायला भरतीची वाट बघत बसावं लागतं आणि अनवाणी गेलात तर सागरी साळूचे काटे पायात मोडतात. लोळणाऱ्या मैत्रिणीसाठी उत्तरेचं नुंग्वी किंवा केंद्वा घ्या, तिथे कधीही पाण्यात उतरता येतं. स्टोन टाउन शेवटच्या रात्री ठेवा, विमानतळ तिथून जवळ आहे.

मीठभाकर

बाप रे, एजंटला आज रात्रीच फोन. एकच गाडी घेतो, वेळेची वाटणी लिहून सगळ्यांची सही घेते. स्टोन टाउनला अजून काही सांभाळायचं का?

नीलपर्णा

हो. २०२७ ला रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतोय, तुमच्या तारखा त्यात येतात का बघा. आल्या तर दिवसा रस्त्यात खाऊ-पिऊ नका. बरीच छोटी खानावळ दुपारी बंद असते, हॉटेलात मात्र मिळतं. खांदे आणि गुडघे झाकलेले बरे, हे एरवीसुद्धा. सूर्य मावळला की फोरोधानीच्या बागेत खाण्याच्या गाड्या लागतात, भुकेलीला तिथे न्या. उरोजो (तिथलं आंबटसर सूप) मागितलात तर मांसाचे तुकडे नको म्हणून आधी सांगा. आणि झांझिबारचा वेगळा विमा ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचा आहे, मोठ्या माणसाला ४४ डॉलर. दुसरा विमा असला तरी हा लागतोच. ऑनलाइन भरून प्रिंट जवळ ठेवा.

खिडकीवाला

सही घेताना फोटोवालीची आधी घ्या.