घरपट्टी माफ होते, पण आधी डिस्चार्ज बुक उघडा
वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, घरपट्टी माफ होईल का, असं एकांनी विचारलंय. होते की! २०२० पासून महाराष्ट्रात माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका राहत्या घराची घरपट्टी माफ आहे. दाखला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्यायचा.

पण आधी डिस्चार्ज बुकातलं, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोंदवहीतलं, आईचं नाव बघा. आमच्याकडे तिथे ‘हौसा’ आणि आधारवर ‘हौसाबाई’! तेवढ्या ‘बाई’पायी आठ महिने गेले. दुरुस्ती रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातूनच होते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. वडील आहेत तोवर हे उरकून घ्या. नंतर आईच्या फॅमिली पेन्शनलाही तेच नाव आडवं येतं.