अनुभव धागा : पर्वतीय राष्ट्रीय उद्यानात नेमके कोणत्या ऋतूत जावे?

हिमालयातल्या किंवा पश्चिम घाटातल्या एखाद्या राष्ट्रीय उद्यानाचा बेत ठरू लागला की पहिला प्रश्न महिन्याचा निघतो, आणि 'अमुक ते अमुक महिने उत्तम' असे एका ओळीचे उत्तर लगेच मिळते. हे उत्तर अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे. डोंगरात एकाच दिवशी पायथ्याशी वसंत आणि खिंडीत हिवाळा असू शकतो. फुले, प्राणी, शिखरांचे दर्शन आणि रस्त्यांची अवस्था या चारही गोष्टी एकाच महिन्यात क्वचितच जुळून येतात. त्यामुळे आधी काय पाहायचे ते ठरवावे आणि मग महिना निवडावा, हा क्रम मला योग्य वाटतो. आपण कोणत्या उद्यानात, कोणत्या ऋतूत आणि कशासाठी गेलात, त्या ऋतूने काय दिले आणि काय हाती लागू दिले नाही, हे कृपया सविस्तर लिहावे. पुढे जाणाऱ्यांना त्याचा खरोखर उपयोग होईल. सुरुवात माझ्याच अनुभवाने करतो.

फुलांची दरी, ऑगस्टचा पहिला पंधरवडा

उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यातले हे राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. क्षेत्रफळ जेमतेम ८७.५ चौरस किलोमीटर आहे. १९३१ साली कामेत शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी या दरीत उतरले आणि तेव्हापासून तिची कीर्ती जगभर पोहोचली. मला फुलेच पाहायची होती, म्हणून मी भर पावसाळा निवडला. त्या निवडीची किंमत काय असते तेही इथे स्पष्टपणे सांगतो.

ऋषिकेशहून बद्रीनाथकडे जाणारा रस्ता जुलै-ऑगस्टमध्ये कुठेही दरड कोसळून काही तास, कधी दिवसभर बंद पडू शकतो. परतीचे विमान किंवा रेल्वे पकडण्यापूर्वी हातात मोकळे दिवस नसतील, तर या काळात जाऊच नये. गोविंदघाटच्या पुढे पुलना गावापर्यंत वाहन जाते आणि तिथून घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची चढण असते. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे रोज सकाळी घांघरियाहून निघायचे आणि संध्याकाळपूर्वी परतायचे, एवढाच मार्ग उरतो. शिखरे ढगात असतात. संपूर्ण मुक्कामात समोरचे हिमशिखर काही मिनिटांपुरतेच उघडे पडले.

मात्र दरीत पाऊल ठेवले आणि या सगळ्या कष्टांचे चीज झाले. पुष्पावती नदीच्या काठाने गुलाबी तेरड्याचे ताटवे माणसाच्या खांद्यापर्यंत वाढलेले होते. आपल्या कासच्या पठारावरचा तेरडा गुडघ्याच्या आत राहतो. हा त्याचाच हिमालयातला उंचापुरा भाऊबंद. एका फुलाजवळ थांबून पाहिले, तर केसाळ भुंगा त्या पिशवीसारख्या फुलात पूर्ण शिरून दिसेनासा होत होता आणि बाहेर येताना त्याच्या पाठीवर पांढऱ्या परागांचा पट्टा उमटलेला असे. तोच पट्टा पुढच्या फुलाच्या छताला घासला जाई. पावसाची भुरभुर असूनही हे काम अखंड चालू होते. निळ्या पॉपीची मात्र अखेरची काही फुलेच खडकांच्या आडोशाला उरली होती. तिच्यासाठी जाणाऱ्यांनी जुलै धरावा.

ब्रह्मकमळ पाहायचे असेल, तर ते दरीत शोधण्यापेक्षा हेमकुंड साहिब या शीख तीर्थस्थानाच्या चढणीवर, चार हजार मीटरच्या वर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शोधावे.

तीच दरी, जूनचा दुसरा आठवडा

वरील अनुभवाला जोड म्हणून लिहिते. आम्हाला वर्षाच्या त्याच वेळी सुट्टी मिळणे शक्य होते, म्हणून जून निवडला. दरीच्या वाटेवरच्या एका ओढ्यावर तेव्हा बर्फाचा जाड थर होता आणि त्याच्या खालून पाणी वाहत होते. वनरक्षकांनी आखून दिलेल्या ठिकाणावरूनच तो ओलांडावा लागला. फुलांचे गालिचे मुळीच नव्हते. बर्फ जिथे नुकताच वितळला होता, तिथल्या चिखलात प्रिम्युलाची जांभळी फुले जमिनीला चिकटून उमललेली होती आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर बर्फाची कड ठिबकत होती. बर्फ आणि वसंत यांच्यामधली ही हद्द अशी डोळ्यांसमोर रोज थोडी वर सरकताना पाहायला मिळणे, हे जूनचे खास देणे आहे आणि मला ते अतिशय मोलाचे वाटते. आकाश स्वच्छ होते, शिखरे सकाळभर दिसत होती.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मे अखेरीस हेमकुंडची यात्रा सुरू होते, त्यामुळे जूनमध्ये दरी मोकळी असली तरी घांघरिया यात्रेकरूंनी गजबजलेले असते. खोली आधी ठरवून ठेवणे आवश्यक आहे.

ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, एप्रिल अखेर आणि नंतर ऑक्टोबर

कुलू जिल्ह्यातल्या या उद्यानाला २०१४ साली जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे मोटाररस्ता नाही. तीर्थन, सैंज, जीवा नाल आणि पार्वती या नद्यांची खोरी पायीच पाहावी लागतात. मी पक्षीनिरीक्षक आहे आणि मला जुजुराणा, म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपान, ऐकायचा होता. 'पाहायचा होता' असे मी जाणूनबुजून लिहीत नाही. हिमाचलचा हा राज्यपक्षी ओक आणि देवदारांच्या खाली माजलेल्या रिंगाळ बांबूच्या दाट झाडीत वावरतो. वर्षभर तो जवळपास मुका असतो. विणीच्या हंगामात, एप्रिल-मेमध्ये, नर पहाटे साद घालतात आणि तेवढ्या काळातच त्याचा ठावठिकाणा लागण्याची खरी संधी असते.

पहाटे उजाडण्यापूर्वी आम्ही वाटाड्याबरोबर एका डोंगरधारेवर जाऊन बसलो. अंगात गरम कपड्यांचे थर असूनही बोटे बधिर झाली होती. पहिली साद आली ती कळपापासून हरवलेल्या कोकराच्या आक्रंदनासारखी, लांबट आणि अनुनासिक. ठरावीक अंतराने ती पुन्हा पुन्हा येत राहिली, मग समोरच्या उतारावरून दुसऱ्या नराने उत्तर दिले. सूर्य वर आल्यावर दोन्ही आवाज थांबले. पक्षी दिसला नाही, पण ज्याच्यासाठी मी तो महिना निवडला होता, ते मला मिळाले होते. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावू नये, ही कळकळीची विनंती. ज्या दिवसांत नराने आपली हद्द राखायची आणि जोडी जमवायची, त्या दिवसांत आपण त्याला खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावायला लावतो.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा त्याच खोऱ्यात गेलो, तेव्हा उद्यानच बदललेले वाटले. पावसाने धुतलेली हवा, दूरवर स्वच्छ दिसणाऱ्या डोंगरधारा, पिवळे पडलेले भूर्ज आणि एप्रिलमध्ये बर्फाखाली असलेल्या वरच्या कुरणांपर्यंत खुली झालेली वाट. मोनाल हा रंगीबेरंगी पक्षी दोन्ही ऋतूंत भेटला. उंचावर चालण्याची आवड असणाऱ्यांनी निःसंशय ऑक्टोबर निवडावा. जुलै-ऑगस्टचा मात्र मी विचारही करणार नाही, कारण तिथली वाट नदीच्या काठाकाठाने आणि निसरड्या उतारांवरून जाते.

कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान, एप्रिल

थोडक्यात लिहितो. सिक्कीममधल्या युकसोमहून झोंग्रीकडे चढताना गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, लाल, गुलाबी आणि पांढऱ्या रंगांत उंचीगणिक बदलत फुललेले होते. दुपारनंतर ढग भरून येत, त्यामुळे कांचनजंगा पाहण्यासाठी पहाटे उठून कड्यावर जाणे भाग होते. ज्यांना शिखर हवे त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर, ज्यांना गुरांस हवा त्यांनी एप्रिल-मे, एवढेच माझे म्हणणे आहे.

हेमिस राष्ट्रीय उद्यान, फेब्रुवारी

लडाखमधले हे देशातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याची स्थापना १९८१ सालची. बहुतेक प्रवासी लडाखला जून ते सप्टेंबरमध्ये जातात आणि निसर्गदृश्यांसाठी ते योग्यच आहे. पण हिमबिबट्या उन्हाळ्यात भरल या रानमेंढ्यांच्या मागोमाग उंच कड्यांवर निघून जातो. हिवाळ्यात बर्फामुळे भरलांचे कळप खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्या मागे तोही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्याच्या मीलनाचा काळ, त्यामुळे तो अधिक हिंडतो, अधिक खुणा ठेवतो आणि कधी कधी संध्याकाळी त्याची हाकही ऐकू येते.

रुंबाकच्या खोऱ्यात आम्ही होमस्टेमध्ये राहिलो. माग काढणाऱ्या स्थानिक सोबत्याने वाटेवरचा एक पुढे झुकलेला खडक दाखवला. त्याच्या खालच्या बाजूला तेलकट, काळसर डाग होता आणि नाक जवळ नेल्यावर उग्र वास येत होता. फटीत दोन-तीन फिकट केस अडकलेले होते. खडकाच्या पायाशी मागच्या पायांनी खरवडलेला खड्डा होता आणि उकरलेली वाळू ढिगाऱ्यासारखी मागे साचली होती. त्या वाळूवर रात्रीच्या दवाचे बर्फ नव्हते, यावरून ती खूण पहाटेची असल्याचे त्याने सांगितले. त्या खुणेमुळे पुढचा संपूर्ण दिवस कोणत्या उतारावर दुर्बीण लावायची ते ठरले. बिबट्या अखेर दिसला तो खूप लांबून, स्पॉटिंग स्कोपमधून. त्याची शेपटी हलली नसती, तर तो खडकापासून वेगळा ओळखता आला नसता.

हा ऋतू कठोर आहे. रात्री तापमान उणे वीसपर्यंत उतरते, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या झपाट्याने संपतात आणि त्या झोपताना अंगाशी ठेवाव्या लागतात. लेहमध्ये विमानाने एकदम साडेतीन हजार मीटरवर उतरल्यावर किमान दोन-तीन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय खोऱ्यात जाऊ नये. हृदयाचा किंवा श्वसनाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज हा बेत करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

एरविकुलम राष्ट्रीय उद्यान, नोव्हेंबर

सगळे अनुभव हिमालयाचे आले, म्हणून दक्षिणेचा एक लिहिते. मुन्नारजवळच्या या उद्यानात नीलगिरी ताहर हा रानबोकड अगदी जवळून दिसतो, आणि दक्षिण भारतातले सर्वांत उंच शिखर अनैमुडी, २,६९५ मीटर, इथेच आहे. नोव्हेंबरमध्ये पाऊस ओसरू लागलेला होता, गवताळ उतार हिरवे होते आणि सकाळी धुके विरल्यावर ताहरांचा कळप रस्त्याच्या कडेला निवांत चरत होता.

नीलकुरिंजी पाहण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हिशेब वेगळा आहे. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्याच प्रजातीगटातली ही वनस्पती बारा वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते. २००६ आणि २०१८ मध्ये ती इथे फुलली होती, त्यामुळे पुढचा मोठा बहर २०३० मध्ये, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अपेक्षित आहे. तो काळ पावसाचा असतो. २०१८ मध्ये ऑगस्टच्या महापुराने मुन्नारचे रस्ते तुटले आणि फुले उमलूनही अनेकांना तिथे पोहोचता आले नाही.

या उद्यानाबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ताहरांच्या विणीचा काळ. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्ले जन्मतात आणि त्या वेळी उद्यान पर्यटकांसाठी बंद ठेवले जाते. हवामानाच्या दृष्टीने पाहिले, तर हे महिने कोरडे आणि सुखद असतात, त्यामुळे सहलींच्या अनेक याद्यांत त्यांना 'उत्तम काळ' म्हटलेले आढळते. बंदच्या तारखा वनविभाग दरवर्षी जाहीर करतो. जानेवारी अखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा बेत असेल, तर त्या तारखा पाहून मगच तिकिटे काढावीत.