लेबर रूमला २ वर्षं झाली, ऑनलाइन लीडरशिप कोर्स करावा का?

प्रायमी_सिस्टर: बीएस्सी नर्सिंग झालंय, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लेबर रूमला आहे. ग्रुपवर नवीन मिडवाइफसाठी लीडरशिपच्या ऑनलाइन कोर्सची लिंक आली, ६ महिने, आठवड्याला एक झूम सेशन आणि शेवटी आपल्याच वॉर्डातलं काहीतरी सुधारून दाखवायचं. फी नाही. पण मी कुणाची लीडर हो, नाइटला मी आणि एक मावशी एवढ्याच असतो!! इनचार्ज सिस्टर म्हणाल्या आधी पार्टोग्राफ (कळा, बाळाचे ठोके वगैरे नोंदवायचा तक्ता) वेळेवर भर, मग लीडर हो. खरं कारण वेगळंय. मागच्या महिन्यात एका बाईला डिलिव्हरीनंतर ब्लीडिंग जास्त वाटत होतं, दुसरं पॅडपण भिजलं, मी डॉक्टरांना फोन करून "सर, पेशंटला जरा बघता का" एवढंच बोलले आणि ते २० मिनिटांनी आले. बाई वाचली, पण तो फोन डोक्यातून जात नाहीये. असलं काही शिकवतात का?

नाइटवाली_ताई: अगं "जरा" म्हटलंस ना, मग सरांनीही जराच मनावर घेतलं. २१ वर्षं झाली मला, आमच्या वेळी हे शिव्या खाऊन शिकायचो. आता एसबीएआर शिकवतात, म्हणजे आत्ता काय झालंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, काय पाहिजे, या क्रमाने बोलायचं. "सर, बेड २, पहिलटकरीण, डिलिव्हरी होऊन ४० मिनिटं, ६०० एमएल गेलंय, पल्स १२०, बीपी ९०/६०, युटेरस सैल लागतोय, मसाज आणि ऑक्सिटोसिन चालू आहे, तुम्ही आत्ता या." आणि फोन किती वाजता केला ते केस पेपरवर लिही, विसरू नकोस. पार्टोग्राफचं मात्र इनचार्ज बरोबर बोलल्या हां 😄

सर्टिफिकेट_फाइल: मी असाच एक केला होता, ड्युटी रूममध्ये कॅमेरा बंद करून, मध्येच बेल वाजली की पळायचं. सर्टिफिकेट फाइलला लागलं, बास. सरकारीत प्रमोशन सिनिऑरिटीनेच होतं, त्या आशेने करू नकोस.

एनपीएम_पुणे: वरच्यांचं प्रमोशनबद्दल खरंय पण प्रोजेक्ट सोडू नको, खरा फायदा तिथेच आहे. मी १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी केलाय, केंद्राच्या २०१८ च्या गाइडलाइनमधून आलेला तो, आणि तिथून आल्यावर कळलं की शिकून येणं सोपं, पण रोटेशनमध्ये पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डला टाकलं की तुझ्या ट्रेनिंगचं लोणचं घालायचं. तेव्हा मेट्रनसमोर उभं राहून बोलता आलं पाहिजे, ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हतं.

प्रोजेक्टला ब्लीडिंग मोजायचंच घे. तू पॅड मोजत होतीस, म्हणजे अंदाज, आणि अंदाज बहुतेकदा कमीच निघतो. मोजमापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बाईखाली लावतात त्याने आकडा दिसतो. २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाचा अभ्यास आला, आफ्रिकेतल्या ४ देशांतली ८० हॉस्पिटलं, ही पिशवी आणि सगळे उपचार एकदम चालू करायचे, एकेक करून वाट बघायची नाही. एक लिटर किंवा जास्त ब्लीडिंग, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी कमी झालं. आणि त्या नावातल्या शेवटच्या ई मध्ये वरच्यांना बोलावणंपण धरलंय, म्हणजे तुझा तो फोन उपचाराचाच भाग आहे गं.

लंडनची_वैनी: इकडे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नवीन मिडवाइफ बँड ५ या पगाराच्या श्रेणीला लागते, प्रिसेप्टरशिप झाली की बँड ६, त्या काळात एक सिनिअर तिला धरून असते. नुसत्या झूमवर नाही होत. तू फॉर्म भरायच्या आधी विचार, मेंटॉर कोण आहे आणि एकटीशी बोलायला वेळ देणार का.

प्रायमी_सिस्टर: थँक्यू सगळ्यांना. मेंटॉर आहे, महिन्यातून एकदा फोनवर. नाइटवाली ताई, तुमचं वाक्य कागदावर लिहून लेबर रूमच्या फोनशेजारी चिकटवलं, मावशींनी विचारलं हे काय. इनचार्ज सिस्टरांनी फॉर्मवर सही दिली, पण म्हणाल्या सेशनच्या संध्याकाळी मोकळी सोडते, रविवारची नाइट मात्र ६ महिने तुझीच.